मार्च एंड आणि जकातीचं वर्ष

रमजान आणि मार्च महिना एकत्र आले की बाजारपेठेतल्या अनेक दुकानांत दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. दिवसा मालाची मोजदाद, बिलांच्या फायली, जीएसटीचे आकडे, सीएच्या ऑफिसमधून येणारे फोन. रात्री तरावीहची नमाज आटोपून घरी आल्यावर दुसरी वही उघडते, यंदा जकात किती निघते ते पाहायला. पहिल्या हिशेबाला आपण सगळेच ‘मार्च एंड’ म्हणतो. दुसऱ्याच्या वर्षाला अरबीत ‘हौल’ म्हणतात, म्हणजे मालमत्तेवरून पूर्ण फिरून गेलेलं एक वर्ष.

२०२५ मध्ये तर भारतात ईद-उल-फित्र नेमकी ३१ मार्चला आली. सणाची सुट्टी होती, पण आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस म्हणून सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने कामकाज सुरू ठेवायला सांगितलं होतं. एका हातात शीरखुर्म्याची वाटी आणि दुसऱ्या हातात चलन, असा तो दिवस.

अशा वेळी शेजारचे मित्र दोन प्रश्न हमखास विचारतात. तुमची जकात म्हणजे एक प्रकारचा इन्कम टॅक्सच ना? आणि तुमचा रमजान दर वर्षी मागे का सरकतो? हे दोन्ही प्रश्न शेवटी एकाच गोष्टीपाशी येतात. ती म्हणजे हिशेबाचं वर्ष. ते कशासाठी असतं, कोण ठरवतं, आणि ते बदललं की कुणाच्या खिशावर परिणाम होतो?

वर्ष कशासाठी लागतं?

धंदा वर्ष पाहून चालत नाही. शाळेच्या गणवेशांचा व्यापारी मार्चमध्ये माल भरतो आणि जूनमध्ये विकतो. दुकानाच्या विम्याचा हप्ता जानेवारीत भरला तर त्याचं संरक्षण डिसेंबरपर्यंत चालतं. मार्चचं वीज बिल एप्रिलमध्ये येतं. उधारी तर कधी वसूल होईल ते देणाऱ्यालाच ठाऊक. मग या दुकानाला फायदा झाला की तोटा, हे सांगायचं कधी? दुकान कायमचं बंद होईपर्यंत थांबलं तरच अचूक उत्तर मिळेल, आणि तेवढं थांबायला बँक, भागीदार, सरकार आणि घरची मंडळी यांपैकी कुणीच तयार नसतं.

म्हणून हिशेबनीस या चालत्या व्यवहारात बारा महिन्यांवर एक रेघ मारतो. त्या बारा महिन्यांना आर्थिक वर्ष म्हणतात. रेघ मारल्यावर प्रत्येक रुपया ज्या वर्षाचा आहे त्या वर्षात बसवावा लागतो. जानेवारीत भरलेल्या विम्यातले तीन महिने यंदाच्या खर्चात आणि नऊ महिने पुढच्या वर्षाच्या खर्चात जातात. मार्चचं वीज बिल हातात आलेलं नसलं तरी ते यंदाचंच देणं असतं. सालअखेरीला जी धावपळ दिसते, तिच्यातला मोठा भाग या वाटणीचाच असतो.

या रेघेवर दोन कागद तयार होतात. नफा-तोटा पत्रक सांगतं, वर्षभरात किती कमावलं आणि किती गेलं. ताळेबंद सांगतो, त्या एका दिवशी आपल्याकडे काय आहे आणि आपण कुणाचं काय देणं लागतो. पहिला कागद बारा महिन्यांचा, दुसरा एका तारखेचा. हा फरक लक्षात ठेवला तर जकात आणि आयकर यांतला फरक लगेच कळतो.

कर कमाईवर, जकात शिलकीवर

आयकर पहिल्या कागदावरून निघतो. वर्षभरात उत्पन्न किती झालं, हा त्याचा प्रश्न. जकात दुसऱ्या कागदासारखी आहे. तुमचं वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त काय उरलं, हा तिचा प्रश्न.

समजा, एका कापड दुकानदाराने वर्षभरात पाच लाख रुपये नफा कमावला आणि घरखर्च, मुलांची फी, आजारपण यांत तो सगळा संपला. त्याच्या जकातीच्या तारखेला दुकानात सहा लाखांचा विक्रीचा माल आहे, गल्ल्यात आणि बँकेत मिळून एक लाख आहेत, नक्की मिळणारी उधारी एक लाख आहे आणि घाऊक व्यापाऱ्यांना तीन लाख द्यायचे आहेत. आठ लाखांतून तीन वजा केले की राहतात पाच लाख. त्यांचे अडीच टक्के म्हणजे साडेबारा हजार रुपये, ही त्याची जकात. दुकानाची इमारत, कपाटं, शिलाई यंत्र, ये-जा करायची मोटारसायकल यांवर जकात नाही, कारण ती विकायला ठेवलेली नाहीत.

पुढच्या वर्षी याच दुकानदाराला तोटा झाला तर आयकर शून्य येईल. पण माल आणि शिल्लक निसाबाच्या वर असेल, तर जकात द्यावीच लागेल. उलट एखाद्या नोकरदाराचा पगार चांगला असेल, करही कापला जात असेल, पण महिनाअखेरीला हाती काहीच उरत नसेल आणि घरात सोनं-चांदीही नसेल, तर त्याच्यावर जकात नाही. म्हणून एकाची पावती दाखवून दुसऱ्यातून सुटता येत नाही.

निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा. आपल्याकडच्या मापात ती साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगितली जाते. ज्या दिवशी माणसाची मालमत्ता या मर्यादेला पोहोचते, त्या दिवशी त्याचं जकातीचं वर्ष सुरू होतं. ते रमजानलाच सुरू होतं असं नाही. कुणाचं मोहरममध्ये होईल, कुणाचं शाबानमध्ये. रमजानमधल्या दानाचं पुण्य मोठं मानलं जातं आणि तारीख लक्षात राहायला सोपी जाते, म्हणून बहुतेक लोक हा महिना धरतात. हनफी मतानुसार वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीला निसाब पूर्ण असला की पुरे. मधल्या काळात रक्कम कमी झाली, पण अगदीच संपली नाही, तर वर्ष तुटत नाही. हिशेबाची सवय असलेल्याला हे ओळखीचं वाटेल. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक, असाच हा विचार आहे.

शेतीचा नियम मात्र निराळा आहे. धान्यावरच्या जकातीला, म्हणजे उश्रला, वर्ष पूर्ण होण्याची अट नाही. पीक हाती आलं की हिस्सा काढायचा. पावसावर पिकलं तर दहावा, स्वतः पाणी देऊन पिकवलं तर विसावा. व्यापाऱ्याला बारा महिन्यांची रेघ चालते, शेतकऱ्याची रेघ खळ्यावर पडते. हा फरक इतिहासात फार महत्त्वाचा ठरला. त्याकडे पुढे वळू.

अकरा दिवसांचा फरक

हिजरी वर्ष चंद्राचं आहे. त्याचे दिवस ३५४, कधी ३५५. आपलं इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून रमजान दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस मागे सरकतो. हिंदू पंचांगातही चांद्र महिनेच आहेत, पण तिथे ठरावीक काळाने अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ साधतात, त्यामुळे दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच राहते. हिजरी गणनेत अधिक महिना नाही. रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा त्याच हंगामात येतो.

या अकरा दिवसांचा धंद्याच्या हिशेबाशी काय संबंध? अलीकडचंच पाहा. २०२४ मध्ये भारतात रमजान १२ मार्चला सुरू झाला आणि ईद ११ एप्रिलला झाली. म्हणजे ३१ मार्चला विसावा रोजा झाला आणि शेवटचे दहा रोजे एप्रिलमध्ये, नव्या आर्थिक वर्षात गेले. कपडे, चपला, शेवया, अत्तर यांची खरी खरेदी याच शेवटच्या दहा दिवसांत होते. पुढच्या वर्षी रमजान २ मार्चला सुरू होऊन ३१ मार्चला ईद झाली. तो अख्खा हंगामही २०२४-२५ मध्येच आला. एका आर्थिक वर्षात दोन ईद. नंतरच्या, म्हणजे २०२५-२६ या वर्षात मात्र एकच हंगाम.

आता ईदच्या बाजारावर अवलंबून असलेल्या एखाद्या दुकानदाराची दोन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवा. २०२४-२५ ची विक्री फुगलेली दिसेल आणि २०२५-२६ ची घसरलेली. कर्जाची मर्यादा वाढवून मागायला तो बँकेत गेला तर अधिकारी विचारेल, धंदा खाली का आला? धंदा तिथेच असतो, सण रेघेच्या अलीकडे सरकलेला असतो. जाणकार हिशेबनीस अशा वेळी रमजान ते रमजान अशी वेगळी तुलना करून जोडतो. दुकानदारांनी आपल्या सीएंना एवढं नक्की सांगावं आणि बँकेतल्या मित्रांनीही हे लक्षात घ्यावं.

जकात देणाऱ्यासाठी दुसरा मुद्दा आहे. पुष्कळ व्यापारी सोयीसाठी ३१ मार्चच्या ताळेबंदावरूनच जकात काढतात. मालाची मोजदाद त्या दिवशी झालेलीच असते, त्यामुळे आकडा चटकन मिळतो. पण अडीच टक्के हा दर चांद्र वर्षाचा आहे. ३३ सौर वर्षांत ३४ चांद्र वर्षं बसतात. जो माणूस आयुष्यभर मार्च ते मार्च अडीच टक्क्यांनीच देत राहील, त्याच्याकडून ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात राहून जाईल. म्हणून इस्लामी वित्तव्यवहारात सौर वर्ष धरल्यास दर सुमारे २.५७७ टक्के घ्यावा, असा तोडगा काढला गेला. लाखाला २,५०० ऐवजी सुमारे २,५७७ रुपये. फरक सत्त्याहत्तर रुपयांचा. देणाऱ्याला तो किरकोळ वाटेल, पण ते पैसे हक्काने ज्याचे आहेत, त्या विधवेच्या किंवा कर्जात बुडालेल्या माणसाच्या वाट्याचे ते असतात.

एप्रिलच का?

आपल्याला वाटतं, आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होणं हा जणू निसर्गनियम आहे. तसं काही नाही. भारतात ही पद्धत १८६७ साली ब्रिटिश सरकारने आणली. त्याआधी सरकारी वर्ष १ मे ते ३० एप्रिल असं होतं. ब्रिटनमध्ये हिशेबाची जुनी तारीख २५ मार्च होती. १७५२ मध्ये तिथे कॅलेंडर सुधारताना २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला आणि अकरा तारखा गळाल्या. कराचं वर्ष तोकडं पडू नये म्हणून त्याची तारीख पुढे ढकलली गेली. तिथलं वैयक्तिक करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं ते त्यामुळेच. अकरा दिवसांचा गोंधळ एकट्या हिजरी सनाचा नाही!

आपल्या बाजारपेठेतही १९८९ पर्यंत चित्र वेगळं होतं. आयकरासाठी व्यापाऱ्याला आपलं हिशेबाचं वर्ष निवडता येत असे. कित्येक पेढ्यांचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा व्हायची आणि पाडव्याला खरोखरच नवी कीर्द सुरू व्हायची. १ एप्रिल १९८९ पासून कायद्याने सगळ्यांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचं केलं. वहीपूजन राहिलं, हिशेब मात्र मार्चला गेला.

अजूनही सगळे एका वर्षाने चालत नाहीत. महाराष्ट्राचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, म्हणून तो महसूल दिन. साखरेचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा मोजतात. खुद्द रिझर्व्ह बँकेचं वर्ष कित्येक दशकं जुलै ते जून होतं. एप्रिल-मार्चशी जुळवून घेताना तिला जुलै २०२० ते मार्च २०२१ असं नऊ महिन्यांचं एक वर्ष करावं लागलं. आर्थिक वर्ष जानेवारीपासून करावं का, हे पाहायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये शंकर आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती. एप्रिलमधला एक अडचणीचा मुद्दा आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. अंदाजपत्रक ठरतं तेव्हा पाऊस कसा पडणार, हे कुणालाच माहीत नसतं.

पेशव्यांच्या कागदातला रमजान

चंद्राचं वर्ष आणि शेतकऱ्याचं पीक यांचा मेळ बसवायचा प्रश्न मुस्लिम राज्यकर्त्यांपुढे फार पूर्वीच आला होता. सारा चांद्र तारखेला मागितला तर काही वर्षांनी ती तारीख पीक उभं असतानाच येते. हाती धान्य नाही आणि दारात वसुलीवाला. मग शेतकरी कर्ज काढतो. बगदादचा अब्बासी खलीफा मुअतजिद याने ८९५ साली वसुलीची नवरोजची तारीख पुढे, जूनमध्ये नेली, ती पीक हाती यावं म्हणूनच. अकबराने १५८४ मध्ये सौर गणनेचा इलाही सन सुरू केला. फसली सनही पिकाशी जोडलेला. ‘फसल’ या शब्दाचा अर्थच पीक. मराठवाड्यात निजामकाळातल्या जमिनीच्या कागदांवर तो आजही वाचायला मिळतो.

महाराष्ट्राने यावर जो मार्ग धरला, तो शुहूर सन. चौदाव्या शतकात हिजरी सनाचा चालू आकडा घेतला आणि पुढे तो सौर गतीने मोजला. वर्ष सुरू व्हायचं मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणत. आदिलशाही-निजामशाहीच्या कागदांत हा सन आहे, शिवकालीन पत्रांत आहे आणि पेशवे दफ्तरातही आहे. वर्षाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात ५९९ मिळवले की जून १७६० पासूनचं वर्ष येतं. पानिपतचं युद्ध याच सालात झालं.

त्याहून गंमत तारखेची. पेशव्यांचे कारकून तारखेआधी ‘छ’ हे अक्षर लिहीत, म्हणजे चंद्र, आणि पुढे हिजरी महिन्याचं नाव. त्यामुळे पुण्याच्या दफ्तरात ‘साबान’, ‘रमजान’, ‘सवाल’ अशी महिन्यांची नावं मोडी लिपीत पानोपानी दिसतात. महिना चंद्राचा, वर्ष मृगाचं, लिहिणारा ब्राह्मण कारकून, कर भरणारा कुणबी. हिशेब नीट लागावा एवढ्या एका गरजेपोटी ही सगळी मंडळी एका ओळीत येऊन बसली.

हिजरी सन जिथे सुरू झाला, त्या अरबस्तानातही असाच बदल झाला आहे. सौदी सरकारने ऑक्टोबर २०१६ पासून कर्मचाऱ्यांचे पगार हिजरीऐवजी इंग्रजी महिन्यांप्रमाणे द्यायला सुरुवात केली. पूर्वी बारा पगार ३५४ दिवसांत मिळत, आता तेच बारा पगार ३६५ दिवसांत मिळतात. सरकारचे अकरा दिवसांचे पैसे वाचले आणि नोकरदाराचे गेले. वर्षाची रेघ हलवणं हे कधीच नुसतं कागदी काम नसतं. रेघ सरकली की पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

रेघेच्या आदल्या दिवशी

तारीख ठरलेली असली की तिच्या आदल्या दिवशी मोह होतो. मार्चअखेरीला नको असलेला माल ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावे टाकून एप्रिलमध्ये परत घ्यायचा, म्हणजे विक्री मोठी दिसते. घाईघाईने उसनवारी करून बँकेतली शिल्लक चांगली दाखवायची. हिशेब तपासनिसाला हे प्रकार नवे नाहीत. जकातीतही असाच प्रकार फार जुना आहे. वर्ष पूर्ण व्हायच्या आधी दागिने बायकोच्या नावे करायचे आणि मग तिचं वर्ष भरायच्या आत परत आपल्या नावे. फिकहच्या ग्रंथांत याला ‘हीला’ म्हणतात आणि जकात बुडवण्यासाठी केलेल्या अशा हिकमतींची विद्वानांनी कडक शब्दांत निंदा केली आहे. जकातीला तपासनीस नसतो, नोटीस येत नाही, दंड लागत नाही. म्हणून तिथे तारीख पाळण्याची जबाबदारी जास्त आहे.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या दोन नावांनी सामान्य माणूस नेहमी गोंधळायचा. नव्या कायद्यात त्यांच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आहे. जकातीच्या वर्षाबाबतही आपल्या घरात एवढी स्पष्टता आणता येईल. आपली हिजरी तारीख एकदा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. दर वर्षी त्याच तारखेला माल, रोख, सोनं, येणं आणि देणं मांडावं. मालाची किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने धरावी. मार्चचाच ताळेबंद वापरायचा असेल, तर सौर वर्षाचा वाढीव दर घ्यावा. दागिन्यांसारख्या प्रश्नांवर हनफी आणि कोकणातल्या शाफई मंडळींच्या मतांत फरक आहे, तिथे आपल्या जाणत्या आलिमांना विचारावं. घरातल्या स्त्रियांचं सोनं त्यांचं स्वतःचं असतं, त्यांची तारीख आणि त्यांचा हिशेब वेगळा मांडावा.

आणि ज्यांना जकात लागू नाही, त्या आपल्या इतर मित्रांसाठीही यातली एक गोष्ट उपयोगी आहे. मार्चला आपण ‘यंदा किती कमावलं’ हे सरकारसाठी लिहितो. वर्षातून एक दिवस, पाडवा असो, दिवाळी असो की वाढदिवस, ‘आज आपल्याकडे काय आहे, कुणाचं देणं आहे आणि यातलं आपल्या गरजेपलीकडचं किती’ हे स्वतःसाठी लिहून पाहायला हरकत नाही. त्या कागदावर कुणाची सही लागत नाही. उत्तर मात्र बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं.